पाणी निर्दोष सुटलं त्याची गोष्ट

सूनबाईंचा विज्ञानावर पूर्ण विश्वास होता, आणि विज्ञानाचाही आपल्यावर असावा, असं त्यांना गेली बारा वर्षं वाटत आलं होतं. त्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. त्यामुळे दीड वर्षात गीझरची तिसरी कॉइल जळाली आणि घरात आरोपीचा शोध सुरू झाला, तेव्हा त्यांनी शांतपणे जाहीर केलं, "चार दिवस थांबा. मी कागदावर सिद्ध करून दाखवते."

आरोपी दोन होते. एक नळाचं पाणी आणि दुसऱ्या सासूबाई.

सासूबाईंचे गुडघे दुखायचे. दिवसातून तीनदा त्या गरम पाण्याने ते शेकायच्या, आणि मध्येच लागलं तर हाताशी असावं म्हणून गीझर सुरूच ठेवायच्या. कॉइल त्यानेच जळते, असं त्यांच्या मुलाचं, म्हणजे सूनबाईंच्या नवऱ्याचं मत होतं. गीझरला टायमर लावायचा. सकाळी अर्धा तास गरम पाणी, नंतर दिवसभर बंद. सूनबाईंचं म्हणणं, पाणी जड आहे, क्षाराचा थर चढतो आणि कॉइल आतल्या आत भाजून मरते. दुरुस्तीवाल्याला मध्ये घेऊन पाहिलं. त्याने खडूसारखी पांढरी झालेली कॉइल स्क्रूड्रायव्हरने ठोकली. क्षारामुळेच ना, असं सूनबाईंनी विचारल्यावर त्याने मान डोलावली. सारखं चालू ठेवल्यामुळेच ना, असं नवऱ्याने विचारल्यावरही तितक्याच मनापासून डोलावली.

मग तपासणी ठरली, आणि इथे सूनबाईंचा काटेकोरपणा आडवा आला. नमुना आपणच घेतला आणि आपणच तपासला तर नवरा म्हणणार, घरचीच बाई, घरचाच निकाल. म्हणून तपासणी त्यांनी एका सहकाऱ्याकडे सोपवली. त्याला प्रयोगशाळेत सगळे 'दशांश' म्हणत, कारण चहात साखर किती हेसुद्धा तो दशांशात सांगायचा. राहता राहिलं बाटली भरण्याचं काम. ज्याला रसायनशास्त्रातलं काही म्हणजे काही कळत नाही, असं घरात एकच माणूस होतं. सूनबाईंनी बाटली सासूबाईंच्या हाती दिली. नळाचं पाणी गळ्यापर्यंत भरा आणि झाकण घट्ट लावा, एवढंच सांगितलं, आणि निःपक्षपातीपणाच्या समाधानात कामावर निघून गेल्या. बाटली संध्याकाळी तयार होती. लख्ख पुसलेली.

तिसऱ्या दिवशी दशांश टेबलापाशी आला. "ब्याण्णव पॉइंट चार. मॅडम, तुमच्याकडे पाणी फार छान येतं हो."

पाण्याचा जडपणा चारशेच्या खाली आला तर नाव बदलीन, असं सूनबाई घरी बोलून बसल्या होत्या. त्यांनी तपासणी परत करायला लावली. ब्याण्णव पॉइंट तीन. त्यांनी रसायन बदललं, ब्युरेट बदललं, दशांशला चष्मा पुसायला लावला. जगातल्या प्रत्येक वस्तूचा संशय घेऊन झाला. एका माणसाचा तेवढा राहिला.

नवऱ्याने रिपोर्ट वाचला. संध्याकाळी टायमर लागला.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती, पण पाणी निर्दोष सुटलं म्हणजे त्याचे जुने सगळे गुन्हेही कुणाच्या तरी नावावर चढायला हवेत! वॉशिंग मशीनमधून टॉवेल पापडासारखे कडक निघत. सासूबाई पावडर जास्त घालतात. वाफेच्या इस्त्रीतून पांढरे कण पडत. सासूबाई ती आडवी ठेवतात. किटली पाणी उकळायला दुप्पट वेळ लावे. सासूबाई ती काठोकाठ भरतात. शॉवरची निम्मी भोकं बुजली होती. सासूबाई शॉवरखाली आयुष्यात उभ्या राहिल्या नव्हत्या, तरी नवऱ्याने त्यांच्याकडे एकदा बघून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या हातात रिपोर्ट होता, एवढंच. आठवडाभरात घरातल्या प्रत्येक यंत्रावर सूचनेची चिठ्ठी चिकटली. सूनबाई प्रत्येक चिठ्ठी वाचत; पुराव्याविरुद्ध बोलायची त्यांना सवय नव्हती.

दहाव्या दिवशी सासूबाईंनी कपाटावरची बॅग खाली घ्यायला सांगितली. लेकीकडे जाते म्हणाल्या. किती दिवस, असं मुलाने विचारलं. तिकडे गीझरला घड्याळ नाही, एवढंच उत्तर मिळालं.

तो रिक्षा बघायला खाली गेला. निघायच्या आधी सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याखालून एक पातेलं काढून सूनबाईंच्या हातात दिलं. आतून पांढरंफटक, चुना लावल्यासारखं.

"एवढं तुलाच घासावं लागेल गं. मी दहा दिवस घासतेय, हलत नाही."

"आई, हे कशाने झालं?"

"तुझ्या बाटलीच्या पाण्याने. दोनदा उकळलं ना त्यात."

सूनबाई हळूच स्टुलावर बसल्या. त्यांनी शक्य तितक्या शांत आवाजात, पायरीपायरीने विचारून घेतलं. सासूबाईंनी पाणी दोनदा वीस-वीस मिनिटं खळखळून उकळलं होतं, झाकून निवू दिलं होतं, तळाचं न हलवता वरचं ओतून घेतलं होतं आणि चौपदरी कापडातून गाळून बाटलीत भरलं होतं. पाण्यातला जडपणा घरच्या घरी काढायची पद्धत सूनबाई शिकाऊ मुलींना याच क्रमाने शिकवत. त्या जडपणाचा मोठा भाग पातेल्याला चिकटून त्यांच्या मांडीवर आला होता.

"पण का, आई?"

"का म्हणजे? परक्या ठिकाणी जाणार होतं पाणी. चार माणसं बघणार. आपल्या घरचं म्हणून नळाचं तसंच गढूळ पाठवू?"

बॅग दारातच राहिली. सूनबाईंनी नवऱ्यासमोर नळ सोडला, बाटली स्वतः भरली, झाकणावर त्याची सही घेतली. दुसऱ्या दिवशी दशांश आला तो कागद उलटा धरून. "चारशे शहाऐंशी पॉइंट दोन. मॅडम, तुम्ही घर बदललंत का?"

नवऱ्याने पातेलं पाहिलं, रिपोर्ट पाहिला. माफी मागणं त्याला जमत नसे. त्याने टायमर काढला, एकेक चिठ्ठी नखाने खरवडली आणि बॅग उचलून परत कपाटावर ठेवली. मग आईला विचारलं, "गीझर लावू का?"

"लाव," सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

त्यांनी मात्र नवा रिपोर्ट हातात घेऊन वरपासून खालपर्यंत न्याहाळला. शेवटी म्हणाल्या, "यावर आपल्या घरचं नाव कशाला छापलंय?"

तो रिपोर्ट ड्रॉवरमध्ये गेला, कपड्यांच्या चिमट्यांखाली. पहिला फ्रिजच्या दारावर लागला. आलेल्या-गेलेल्याला सासूबाई तो दाखवतात. आमच्याकडे पाणी फार छान येतं, असं प्रयोगशाळेतल्या माणसाने स्वतः सांगितल्याचंही सांगतात. सूनबाईंना हे सहन होईना. एके दिवशी घरात कुणी नसताना त्यांनी आकड्याशेजारी पेन्सिलने, अगदी बारीक अक्षरांत लिहिलं: 'उकळून, गाळून.'

दुसऱ्या दिवशी त्या कामावरून आल्या तेव्हा रिपोर्टच्या कोपऱ्यातला लोहचुंबक जागचा हलला होता. तो आता बरोबर त्या दोन शब्दांवर बसला होता.

सूनबाईंनी तो काढला नाही. किटलीत पाणी भरलं, काठोकाठ, आणि दुप्पट वेळ वाट बघत बसल्या.