तिकीट लावलेली झोप

वीर्योनोला रविवारी नऊपर्यंत झोपायचं होतं. बस्स, एवढंच मागणं. सत्तावीस वर्षं सोलो शहरातल्या एका वॉर्ड ऑफिसात "रेव्हेन्यू तिकीट कुठाय? उद्या या" असं बोलून बोलून बिचारा थकला होता. त्यात रविवारी सहाला गल्लीची सफाई. घरटी एक पुरुष, हातात खराटा.

बायकोला, सुमिनीला, विचारलं की ती म्हणे, "हो हो, झोपा की!" आणि सहाला पांघरूण ओढी. (सोलोत तोंडावर 'नाही' म्हणणं फार वाईट दिसतं. म्हणून सगळे 'हो' म्हणतात आणि आपल्याला हवं तेच करतात.)

शेवटी त्यानं कागदच केला. पत्नीने रविवारी नऊपूर्वी पतीस उठवू नये. बदल्यात पतीने दर शनिवारी सासूबाईंना स्कूटरवरून बाजारात न्यावे. खाली तिकीट, तिकिटावरून दोघांच्या सह्या.

"झालं समाधान?" सुमिनीनं विचारलं.

"आता कोर्टसुद्धा मला उठवू शकत नाही!"

शनिवारी तो सासूबाईंच्या मागे पिशव्या घेऊन दोन तास हिंडला. पाठीचा पार भुगा झाला, पण कागद पाळला.

रविवारी सहाला पांघरूण गेलं. वीर्योनोनं डोळे न उघडताच उशीखालचा कागद उंच धरला. "कलम एक!"

"मी कुठे उठवतेय?" सुमिनी दारातून म्हणाली. "आई उठवतेय. तिची सही आहे का त्यावर?"

नव्हती. सासूबाई खराटा घेऊन उभ्या होत्या.

गटार उपसताना त्यानं तो कागद शेजारच्या दार्मोजोकाकांना दाखवला. काका कोर्टातले निवृत्त कारकून. हसून हसून त्यांना ठसका लागला.

"अरे, तिकीट म्हणजे सरकारचा कर भरल्याची खूण. त्यानं करार होत नाही. नवराबायकोनं घरात ठरवलेलं, कोण कधी उठणार, हे कुठलं कोर्ट ऐकत बसेल? हा नुसता समझोता, बाबा. मोडला तर तू फार तर रुसू शकतोस."

वीर्योनोला ब्रह्मांड आठवलं. त्या तिकिटापायी त्यानं किती लोकांना परत पाठवलं होतं! मग एकदम डोक्यात उजेड पडला. "म्हणजे मीही बांधील नाही? बाजार रद्द?"

"कायद्यानं तरी रद्दच."

चिखलाच्या पायांनी तो तसाच घरात शिरला. "सुमिनी, त्या कागदाला काही अर्थ नाही! शनिवारी मी येणार नाही!" (लग्न झाल्यापासून एवढा आवाज त्यानं पहिल्यांदाच चढवला होता.)

"मला काय सांगता? आईला सांगा."

सासूबाई टोपली घेऊन पायरीवर बसल्या होत्या. "जावईबापू, काल इतकं बरं वाटलं हो! आजही लवकर उठलाच आहात, तर जाऊन येऊ या. आणि आता दर रविवारी असंच जात जाऊ, काय?"

कायदा सगळा वीर्योनोच्या बाजूनं होता. छाती भरून श्वास घेऊन त्यानं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं.

"हो, आई," तो म्हणाला आणि स्कूटरची किल्ली शोधू लागला.