मोजणीत नसलेली अंगठी

बायकोची अंगठी हरवल्याचं कळलं, त्याच दिवशी सकाळी कायदेकाका नव्या नर्सना छातीठोकपणे सांगत होते, "माझ्या थिएटरात टाचणीसुद्धा हरवत नाही!"

कायदेकाका म्हणजे ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हातात हत्यारं देणारे ब्रदर. हे नाव नर्सनीच ठेवलेलं. कायद्याचे आणि नीतीचे शब्द काकांना तोंडपाठ, आणि समोरच्याला पाठ होईपर्यंत ते त्याला चहालाही सोडत नसत.

"हलगर्जीपणा म्हणजे काय?"

"चूक होणं," एक नर्स म्हणाली.

"चूक कुणाच्याही हातून होते. घ्यायला हवी ती काळजी न घेणं, तो हलगर्जीपणा! बरं, संमती?"

"पेशंटची सही."

"सही काय, झोपेतही होते! त्याला समजेल असं सांगायचं, मग विचारायचं. आणि प्रांजळपणा म्हणजे, काही बिघडलं तर टाके घालायच्या आधी बोलायचं. टाके घातल्यावर बोलतात तो पश्चात्ताप!"

नर्स हसल्या. काका ऐटीत हात धुवायला गेले.

पेशंट वकील होते. हर्निया मोठा होता. भूल कमरेखालची, त्यामुळे वकीलसाहेब टक्क जागे होते आणि पडद्याआडून भूलतज्ज्ञ मॅडमची उलटतपासणी घेत होते. ऑपरेशन झकास झालं. सर्जनसाहेबांनी विचारलं, "सिस्टर, हत्यारांची, बोळ्यांची मोजणी?"

"बरोबर आहे, सर. सगळं जुळलं."

सर्जननी टाक्यासाठी हात पुढे केला. काका वाकले आणि थिजले. छातीला रोज टोचायचं ते आज टोचलं नाही!

बायको गेल्यापासून तिची अंगठी ते दोऱ्यात ओवून गळ्यात घालत. थिएटरात दागिना चालत नाही. कानातले काढले नाहीत म्हणून काकांनी स्वतः एका नर्सला दारातून परत पाठवलं होतं. पण ही अंगठी गाऊनच्या आत, कुणाला दिसत नव्हती. दोरा मात्र जुना होता, आणि गाऊनचा गळा सैल. आणि मघाशी आतली शीर बघायला ते मान लांबवून थेट जखमेवर ओणवे झाले होते.

गळा चाचपावा, तर हात निर्जंतुक! काकांनी एक खांदा उडवला. मग दुसरा. मग हनुवटी छातीवर घासली.

"काका, मुंग्या चढल्या का अंगावर?" सर्जन म्हणाले. "सुई द्या."

मोजणी जुळली होती. अंगठी मोजणीत नव्हतीच. गप्प बसले असते तर जगात कुणाला कळलं नसतं. काकांच्या कपाळावरून घामाचा थेंब भुवईत उतरला.

"सर, थांबा. टाका घालू नका. सिस्टर, जरा माझ्या गळ्यात बघा."

"काय बघू?"

"दोरा."

सिस्टरनी मागून कॉलर ओढून आत डोकावलं. "दोरा नाही काका. बनियन आहे."

काकांनी सगळं सांगून टाकलं.  मग सर्जनचा आवाज चढला. "अंगठी? माझ्या टेबलावर? तुम्ही? रोज आम्हाला शिकवता तुम्ही!"

"कुणाची अंगठी?" पडद्याआडून प्रश्न आला. "माझ्या पोटात अंगठी आहे?"

"असेलच असं नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे असू शकते!"

सर्जननी जखम पुन्हा कोपरान् कोपरा तपासली. सिस्टर टेबलाखाली रांगल्या, बादल्या उपसल्या. काही नाही. शेवटी एक्स-रेचं मशीन धडधडत आत आलं.

"थांबा!" वकीलसाहेब गरजले. "कशाचा फोटो, का, मला समजेल असं सांगा. मग मी हो म्हणेन. आणि हलगर्जीपणा कुणाचा?"

"माझा," काका म्हणाले. "माझ्या बायकोची अंगठी गळ्यात होती. तुमच्या पोटात पडली असेल की काय, ते बघायचंय."

"त्यांना सांगितलंत हरवल्याचं?"

"ती नाही आता."

 "काढा फोटो," वकीलसाहेब म्हणाले.

फोटो येईपर्यंत काका दोन्ही हात छातीशी धरून उभे राहिले. पोटात नसेल तर मग कुठे असेल, हे विचारायचं धाडस त्यांना होईना. फोटो आला. पोट स्वच्छ! सर्जननी सुटकेचा श्वास सोडला आणि पहिला टाका घातला. "काका, उद्या ऑफिसात भेटा."

बाहेर नेताना वकीलसाहेबांनी काकांना जवळ बोलावलं. "सापडली की कळवा मला. घाबरू नका, कुणाला बोलणार नाही. गोपनीयता तुम्हा दवाखानेवाल्यांनाच पाळायची असते असं थोडंच आहे!"

काकांनी लॉकर झटकला, बूट उलटे केले, धुवायच्या कपड्यांचं गाठोडं सोडलं. रिकाम्या हातांनी घरी आले. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर नळाच्या तोटीला दोरा लटकत होता. दोऱ्यात अंगठी.

सकाळी भांडी घासताना दोरा पाण्यात बुडायला लागला, म्हणून त्यांनी काढून तिथे अडकवला होता. बायकोही अंगठी तिथेच अडकवायची. मग "हलगर्जीपणा म्हणजे काय?" हा तास मनात घोळवत, साबणाचे हात पुसून, ते निघून गेले होते.

काकांनी दोऱ्याला नवी गाठ मारली आणि तो गळ्यात घातला. मग पुन्हा काढून तोटीला अडकवला.

भांडी अजून घासायची होती.