रिकामं कॅरिअर

बायकोला बोलता येत नसेल अशा वेळी तिला एक गोष्ट सांगून टाकायची, असं कानिफनाथनं ठरवलं होतं. त्यासाठी त्यानं त्रिपुरी पौर्णिमेची सकाळ निवडली.

चांगुणाचा नेम साऱ्या गावाला माहीत होता. आषाढी एकादशीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, रोज उठल्यापासून महादेवाला पाणी घालेपर्यंत ती तोंडातून शब्द काढत नसे. अगदीच अडलं तर टाळी वाजवी. एक टाळी म्हणजे दूध उतू चाललं, दोन टाळ्या म्हणजे दारात पाहुणा. एकदा गोठ्यात साप निघाला तेव्हा तिनं इतक्या टाळ्या वाजवल्या की शेजारच्यांना वाटलं, आरती चालली आहे, आणि ते झांजा घेऊन आले.

हा बारावा चातुर्मास होता. आज प्रवरेकाठच्या जुन्या देवळात उद्यापन करून नेम सोडायचा होता, आणि कानिफनाथला रात्रभर झोप नव्हती ती त्यामुळेच. कारण हा नेम ज्या गोष्टीवर उभा होता, ती गोष्टच खोटी होती आणि ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा सातवी फायनल पास झालेल्या चांगुणानं नगरला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला होता. मुलाखतही देऊन आली होती. पुढे पत्र काही आलं नाही. मुलाखतीत आपण फार बोललो, विचारलं त्याच्या दुप्पट सांगितलं, म्हणून नाव लागलं नाही, असं तिनं मनाशी धरलं. त्याच आषाढात तिनं जिभेला लगाम म्हणून मौन धरलं. पत्र मात्र आलं होतं. ते पोस्टमनकडून कानिफनाथनं घेतलं होतं, आणि ते आजही बियाण्याच्या कणगीखाली पत्र्याच्या डबीत होतं. खोट्या कारणाचा नेम देवापुढं नेऊन सोडायचा म्हणजे देवालाही फसवायचं. ते मात्र त्याच्यानं होईना.

देवळाला जायला पाटाकडेची वाट होती. पाटबंधारे खात्यानं तिच्या तोंडाशी आडवा दांडा टाकून गाडी, ट्रक, ट्रॅक्टर सगळ्यांना मनाई केली होती. सायकल तेवढी दांड्याखालून काढता येई. पुढं तीन मैल तळहातासारखी सपाट वाट, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला नदीचं पसरलेलं पाणथळ. लव्हाळ्यात बगळे, पाण्यावर थंडीला आलेली बदकं, कुठं एखादा करकोचा एका पायावर. पाटाची राखण करणारा पाटकरी तिथं बंदूक चालवू देत नसे. भोंगा नाही, धूळ नाही. मनातलं सांगायला याहून चांगली वाट जिल्ह्यात नव्हती. मैलामैलाला थोडंथोडं सांगू, देऊळ येईतो तिचा राग निवेल, आणि मौन सुटेल तेव्हा समोर महादेव असेल, असा त्याचा हिशेब होता.

दांड्याशी दोघं उतरली. कानिफनाथनं सायकल कलती करून पलीकडं काढली आणि टांग मारली. चांगुणा नेहमी दोन पावलं पळत येऊन चालत्या सायकलच्या कॅरिअरवर बसे. त्याप्रमाणं ती पळालीही, पण उद्यापनापर्यंत अनवाणी राहायचं असल्यामुळं तिच्या टाचेत बाभळीचा काटा गेला आणि ती मटकन खाली बसली. नेमक्या त्याच वेळी सायकल मोरीच्या उंचवट्यावरून धप्पकन आदळली. कानिफनाथला वाटलं, बसली.

चांगुणानं टाळ्या वाजवल्या. एक, दोन, मग साप निघाल्यासारख्या कितीतरी. त्या आवाजानं कडेच्या पाण्यावरचा बदकांचा थवा फडफडत उठला आणि सारं पाणथळ पंखांच्या आवाजानं भरून गेलं. कानिफनाथनं वरती पाहिलं. "किती झालीत यंदा," असं मागं न वळता तो म्हणाला, आणि पायडल मारत राहिला. मागं वळून बोलायची छाती असती तर त्याला मौनाचा मुहूर्त लागलाच नसता.

चांगुणानं काटा काढला. नवरा वळणाआड दिसेनासा झाला होता. त्याला कळेल तेव्हा कळेल, म्हणून तिनं वाट पाहिली नाही. मोरीशी येऊन नेहमीप्रमाणं पाटाच्या पाण्याला हात जोडले, पूजेच्या टोपलीतली झेंडूची दोन फुलं सोडली, आणि पाणथळातून देवळाकडं जाणारी गुराख्यांची आडवी पायवाट धरली.

इकडं कानिफनाथनं आधी आईच्या दुखण्यापासून सुरुवात केली. तेव्हा आई कशी अंथरुणाला खिळली होती, घरात भाकरी टाकायला कोणी कसं नव्हतं, ऊस नुकताच कसा लावला होता, हे सगळं सांगून झालं. दुसऱ्या मैलाच्या दगडाशी त्यानं डोळे मिटून घेतले.

"चांगुणा, तुझं पत्र आलं हुतं. म्याच दडवलं."

मागून काही आवाज आला नाही. आणि गंमत म्हणजे सायकल एकदम हलकी लागायला लागली. बारा वर्षांचं मनावरचं ओझं उतरलं म्हणजे असं होत असावं, असं त्याला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. तो मोकळेपणानं बोलत सुटला. तिला सारं समजलं, तिनं ते पोटात घातलं, अशा भरवशानं त्यानं देवळापुढच्या पिंपळाखाली पाय टेकला आणि मागं पाहिलं. कॅरिअरवर घोंगडीची घडी होती. नुसती घडी.

ओझं उतरलं ते कुठलं, हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि तेही चुकीचं कळलं. पत्राचं नाव काढलं आणि सायकल हलकी झाली. म्हणजे तिनं ऐकलं आणि उडी टाकली. डाव्या हाताला पाट होता, पुरुषभर पाण्याचा.

तो आल्या वाटेनं असा सुटला की वाटेतल्या पाणकोंबड्यांनाही पळायला सवड मिळाली नाही. दुसऱ्या मैलाच्या दगडाशी काही नव्हतं. तसाच पुढं मोरीशी आला तर मोरीच्या तोंडाशी गवतात अडकलेली झेंडूची दोन फुलं पाण्यावर हलत होती. फुलं तिच्याच टोपलीतली होती. वाहतं पाणी फुलं खालच्या अंगाला नेतं आणि ही तर दुसऱ्या मैलाच्या दगडाच्या वरच्या अंगाला आहेत, एवढा विचार करण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता.

त्याच्या ओरडण्यानं लव्हाळं कापणारी गोजरबाई विळा घेऊनच धावली. उसाला पाणी देणारे पाच-सहा जण आले. पाटकरी पुंजाराम आपली वही काखेत घेऊन आला. पाटाचं दार पाडून, म्हणजे बंद करून, पाणी उतरवायचं होतं, आणि दाराची किल्ली त्याच्याकडं होती.

"दार पाडतो, पण कारण सांगा," पुंजाराम म्हणाला. "कारण लिवल्याबिगर दार पाडलं तर सायेब मलाच पाटात टाकतील."

पाय घसरला असं लिहा, असं कानिफनाथ म्हणाला. पुंजारामनं दोन अक्षरं लिहिली आणि थांबला. बाई सायकलवर बसल्या होत्या असं तुम्हीच ओरडत होता ना, मग पाय कुठला घसरला, असं त्यानं अगदी शांतपणे विचारलं. घेरी आली म्हणावं, तर घेरीनं माणूस तिथल्या तिथं पडतं, तुम्ही देवळापर्यंत गेलात कसे? गोजरबाईनंही विळा कमरेला खोचून हाच प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारला.

इकडं ही विचारपूस चालली असताना पायवाटेनं निघालेल्या चांगुणाला आरडाओरडा ऐकू गेला. कोणीतरी बुडालं एवढंच तिला समजलं. देवाचं पाणी थोडं उशिरा घातलं तर देव रागावणार नाही, म्हणून ती माघारी वळली, पदर खोचून घाईनं आली आणि माणसांच्या मागं उभी राहून, टाचा उंचावून, कोण बुडालं ते पाण्यात पाहू लागली. पुढची सगळी माणसं पाण्याकडं आणि कानिफनाथकडं पाहत होती. तिच्याकडं कोणी पाहिलं नाही.

"लिव्हा," कानिफनाथ एकदम खाली बसत म्हणाला. "तिचं ट्रेनिंगचं पत्र म्या दडवलं, आन् आज तिला सांगितलं, म्हून तिनं जीव दिला. आईच्या दुखण्यापायी दडवलं, आसं तिला सांगत हुतो. खोटं हाय त्ये. आई तवा चालती-बोलती हुती. मी चौथीत शाळा सोडलेला. ही मास्तरीण झाली तर माझ्याशी बोलंल का, ह्येचं भ्या वाटलं मला."

पुंजारामची पेन्सिल थांबली. गोजरबाईला काही बोलायचं होतं. शेजारी कोणाला तरी कोपरानं ढोसावं म्हणून ती मागं वळली आणि तिच्या कमरेचा विळा खाली पडला. मग एकेक करून सगळेच वळले आणि बाजूला झाले.

चांगुणा टोपली उराशी धरून उभी होती. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. पुंजारामला हातानंच दार उघडं राहू दे असं खुणावलं आणि ती देवळाच्या वाटेला लागली. मागून कानिफनाथ सायकल हातानं ढकलत निघाला. तीन मैल दोघं अशी चालली. तिनं टाळीसुद्धा वाजवली नाही. पुंजारामनं वहीत लिहिलं, 'बाई सापडल्या. पाणी चालू.' आणि कारणाच्या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, 'घरगुती.'

देवळात तिनं पिंडीवर पाणी घातलं, बेल वाहिला, बारा वाती लावल्या. घंटा वाजवली. मौन सुटलं. कानिफनाथ पायरीवर मान खाली घालून बसला होता. तिनं शिव्या द्याव्यात, टोपली फेकून मारावी, असं त्याला फार वाटत होतं. ती त्याच्या शेजारच्या पायरीवर येऊन बसली. काटा गेलेली टाच चोळू लागली.

"हजर कवा व्हायचं हुतं?" तिनं विचारलं.

"सतरा जून. बुधवार. सकाळी अकराला," कानिफनाथ म्हणाला. पत्र त्याला पाठ होतं. "दोन पातळं, ताट-वाटी आन् अंथरूण संगं आणावं, आसंबी लिवलं हुतं."

"वळकटी बांधून ठिवली हुती मी," चांगुणा म्हणाली. "म्हयनाभर माळ्यावर हुती. पावनं आले तवा तुमीच सोडली."

त्याला ते आठवत होतं. सुतळीची गाठ सुटेना म्हणून त्यानं ती दातांनी सोडली होती. बारा वर्षं जपून ठेवलेलं बोलणं तेवढ्यातच संपलं.

परत निघताना ऊन चढलं होतं. त्यानं सायकल धरली, ती आधी कॅरिअरवर नीट बसली, मग त्यानं पायडल मारलं. वाट तशीच सपाट आणि रिकामी होती. सायकल मात्र जड लागत होती, आणि त्याला ते बरं वाटत होतं. पहिला मैल सरला. दुसऱ्या दगडाशी लव्हाळ्यातून फडफड झाली, टाळ्यांसारखी, आणि कानिफनाथनं इतक्या जोरात ब्रेक दाबला की दोघं पाटात जाता जाता राहिली. त्यानं घाबरून मागं पाहिलं.

ती होती. टोपली मांडीवर घेऊन, वर उडालेल्या थव्याकडं बघत.

"चला," ती म्हणाली. "बदकं हाईत ती."