अभिमन्यूचा मुक्त राउटर

घरात कोणाचं चालतं यावर घराची अब्रू ठरते, आणि मल्लेश्वरमच्या अभिमन्यूच्या मते त्याच्या घरात राउटरच्या कंपनीचं चालत होतं. कंपनीनं आत भरलेलं फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारी आज्ञावली, काढून जगभरच्या सज्जनांनी सर्वांसाठी खुलं ठेवलेलं घालायचं, असा त्यानं पण केला. राउटर तेवढा ते सोसणारा हवा होता.

निवडीला अकरा महिने लागले. मॉडेलं त्रेचाळीस, तक्त्याचे रकाने एकोणीस ('घरच्यांची सोय' हा रकाना नव्हता). खोक्यावरचं नाव जुळलं तर आतली चिप जुळेना. आजोबांनी सोयरीक जुळवतानाही एवढी कुळं धुंडाळली नव्हती. जुना राउटर तत्त्वापायी भंगारात गेला होता, आणि मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर.

शेवटी राउटर आला तो खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशी बायकोची, शिवानीची, ऑनलाइन मुलाखत होती. परदेशी कंपनी, काम नेटवर्क सुरक्षेचं. सात वर्षं मुलांपायी घरी बसल्यावरची ही पहिली संधी, आणि तिला ती जिवापाड हवी होती.

"अहो, उद्यापर्यंत आहे तसाच चालू द्या ना," ती म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम," अभिमन्यू म्हणाला. (आपल्या गावात पार दुसऱ्या टोकाचं के. आर. पुरमसुद्धा पाच मिनिटांवरच असतं.)

नवं फर्मवेअर चढू लागलं. 'वीज बंद करू नये' अशी सूचना वाचून तो निर्धास्त आंघोळीला गेला. तेवढ्यात आई, सकवारबाई, हळदकुंकू घेऊन आल्या. खंडेनवमीला हत्यार राबवायचं नाही, ही रीत घराणं शहाजीराजांबरोबर इकडे दक्षिणेत आलं तेव्हापासूनची. कात्री, मिक्सर आणि स्कूटरची किल्ली ओळीनं मांडून झाली होती. त्यांनी प्लग काढला, राउटर पुसला, कुंकू लावलं, अँटेनाला झेंडू खोवला.

"स्वल्प विसावू दे त्याला," त्या म्हणाल्या. तो अजून विसावतोय.

शिवानी रडली, मग नवऱ्याला नको नको ते बोलली, आणि सकाळी लॅपटॉप उचलून शेजारच्या यल्लव्वा अक्कांकडे गेली. त्यांचा राउटर केबलवाल्यानं दिलेला, पासवर्ड त्यानंच भिंतीवर खडूनं लिहिलेला. गल्लीला तो पाठ आहे. मुलाखतीत विचारलं, "तुमचं घरचं नेटवर्क सुरक्षित आहे ना?" शिवानीनं भिंतीकडे एकदा पाहिलं आणि ती ठामपणे हो म्हणाली. नोकरी मिळाली.

आता घरोघरचे राउटर तपासणं तिच्याकडे आहे. तुमचाही परवाच झाला. पासवर्ड केबलवाल्यानं ठेवला तोच आहे, हे तिला दिसलं. तरी नोंदीत तिनं 'सुरक्षित' असंच लिहिलंय, कारण विचारल्यावर तुम्हीही ठामपणे हो म्हणाला होतात.