खोकलाबाईला घरचं इंधन

"यापुढे पेट्रोलपंपाकडे ढुंकूनही बघायचं नाही! आपलं डिझेल आपल्या परसात तयार होणार!"

ब्युरेटकाकांनी ही घोषणा केली तेव्हा ते स्टुलावर उभे होते. डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. समोर श्रोते म्हणून फक्त त्यांची आई, म्हणजे आजी. आणि त्याही चहाची दोन अर्धी पाकिटं एका बरणीत ओतण्यात गढलेल्या.

काका उंच, किडकिडीत आणि थेंबाथेंबाने बोलणारे. म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांचं नाव पडलं ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब द्रव सोडणारी काचेची लांब नळी. तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. प्रयोग मुलांनी करायचे, शाबासकी सरांनी घ्यायची आणि काचेची भांडी काकांनी विसळायची! निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी त्यांना शाल दिली, पण एक प्रयोग करून बघा असं काही कुणी म्हटलं नाही. ते मनात राहिलं होतं.

आता कॅन्टीनवाल्याकडून बटाटे तळून काळं पडलेलं तेल आणायचं, गाळून पिंपात ओतायचं, त्यात मोजूनमापून रसायनं घालायची आणि ढवळायचं. मग नुसतं थांबायचं. हळूहळू काळा, चिकट गाळ खाली बसतो आणि वर राहतं सोन्यासारखं बायोडिझेल. ते अलगद वेगळं करायचं, पाण्याने धुवायचं, वाळवायचं. तीन आठवडे काका त्या पिंपापाशी असे बसून होते, जसं कुणी दवाखान्यात आतल्या बातमीची वाट बघत बसावं.

शेवटी दोन डबे तयार झाले. एकात अर्ध्याहून जास्त सोनं. दुसऱ्यात तो काळा गाळ, पाव डबा. दोन्ही डबे सारखे, पांढरे, शेजारी शेजारी; गाळाच्या डब्याच्या बुडाशी काकांनी पेनने बारीक खूण केलेली, एवढाच फरक.

इथे आजींबद्दल थोडं सांगायला हवं. अर्धे भरलेले दोन डबे शेजारी दिसले की आजींचे हात शिवशिवायचे. एकात मावतंय तर दोन कशाला अडवायचे? दोन झिजलेल्या साबणांचा त्या एक साबण करत. दोन अर्ध्या टूथपेस्टची एक करत. एकदा त्यातली एक दाढीची क्रीम निघाली! आठवडाभर दात घासताना काकांच्या तोंडाला अक्षरशः फेस येत होता.

काकूंचं लक्ष मात्र या सगळ्यात नव्हतं. त्या शिवणकाम करत. फॉल-पिको, उसवलेल्या चेन, आखूड केलेल्या पँटी यांच्या ढिगाऱ्यातून वर्षानुवर्षं मान वर न काढलेल्या काकूंना पहिलंच मोठं काम मिळालं होतं. शाळेच्या नव्या सभागृहाचे पडदे! बावीस खिडक्यांचे आणि रंगमंचाचा एक मखमली. शनिवारी अकराला उद्घाटन. घरात बसायला जागा नव्हती. काका जेवायचेसुद्धा पडद्याआडून.

आणि हे पडदे नेणार कोण? तर खोकलाबाई. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतलेली जुनी डिझेल व्हॅन. सुरू होताना खोकायची, बंद होताना खोकायची, आणि मधे कुठेही, मनात येईल तिथे, बसकण मारायची.

"हे बघा," काकू तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाल्या, "शनिवारी अकराच्या आत गाडी शाळेत पोचली पाहिजे. मग तुम्ही त्यात तुमचं तेल घाला नाहीतर गुलाबपाणी घाला. पोचली तर राहील. नाही पोचली तर तिथूनच भंगारात!"

"अगं, पण..."

"भंगारवाल्याशी बोलून झालंय. तो मागून मागून येणार आहे."

"मागून?"

"म्हणजे परत हेलपाटा नको त्याला."

 काच पुसून गाडी काही जास्त पळत नाही, पण शनिवारी सकाळी उठून काकांनी खोकलाबाईची काच पुसली. मग डबा उचलला, नरसाळं लावलं आणि तिरका केला. सोनेरी धार! एकतीस वर्षांनी स्वतःच्या प्रयोगाची धार! काकांचे डोळे भरून आले, पोहण्याच्या चष्म्यात आतून धुकं जमलं, आणि त्या धुक्यात डबा शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा झाला. तो हातांना जरा जड लागला होता, पण आनंदात सगळंच जड लागतं असं त्यांना वाटलं.

"अहो, पडदे!" आतून हाक आली, आणि काका धावले.

खोकलाबाई सुरू झाली. न खोकता! पुढे काका-काकू, मागे पडद्यांच्या डोंगरावर आजी, मांडीवर पिण्याच्या पाण्याचा डबा. आणि त्यांच्या मागे, अदबीने वीस पावलं सोडून, भंगारवाल्याचा ट्रक.

पहिल्या चौकात शेजारच्या स्कूटरवाल्याने नाक वर केलं. दुसऱ्या चौकात एक बाई खिडकीतून वाकून म्हणाली, "कुठे तळताय हो बटाटे?" तिसऱ्या चौकात भंगारवाल्याने ट्रक शेजारी आणला.

"काकू, मी नाश्ता करून नाही निघालो. तुमच्या गाडीच्या मागे राहवत नाहीये!"

"मग पुढे व्हा!"

"पुढे कसा होऊ? बंद पडली तर?"

"पडणार नाही!" काका छाती काढून म्हणाले. "ही आता धूर नाही सोडत, सुगंध सोडते!"

काकू हसल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. काकांनी गियर बदलला तो जणू वाद्य जुळवावं तसा.

मग शाळेचा चढ आला.

अर्ध्या चढावर खोकलाबाई एकदा हुंकारली. मग गुरगुरली. मग आचके देत, पडद्यांसकट आजींना मागेपुढे झुलवत, ठप्प उभी राहिली. पावणेअकरा वाजले होते. शाळेचं फाटक समोर दिसत होतं आणि आरशात, हात जोडल्यासारखा, भंगारवाला.

"असं होणंच शक्य नाही," काका घामाघूम होऊन म्हणाले. "मी सगळा गाळ काढला होता! वेगळा डबा भरून ठेवला होता!"

"पाणी पितोस का रे?" आजींनी मागून डबा पुढे केला.

पांढरा, चकचकीत घासलेला डबा. काकांनी तो फिरवून बघितला. बुडाशी त्यांनी पेनने केलेली खूण अजून दिसत होती.

"आई... हा डबा कुठला?"

"तुझाच. पाव डबाच होतं त्यात, आणि शेजारी अर्धा रिकामा! ओतलं त्यात. पण कसलं चिकट होतं रे! घासून घासून हात दुखले माझे."

 तीन आठवडे खपून जो गाळ तेलापासून वेगळा केला, त्याची तेलाशी आईने अर्ध्या मिनिटात पुन्हा गाठ घालून दिली होती!

भंगारवाला हुक घेऊन आला. "मग काय काकू, नेऊ दुकानाकडे?"

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता, बक्षीस दुसऱ्याच्या नावाने पुकारलं गेल्यावर मुलं बसतात ना, तसा. बोटांवर रसायनांचे डाग. कॉलेजातले जुने आणि परसातले नवे.

"आधी शाळेत," काकू म्हणाल्या.

"अं?"

"हुक लावा. शाळेत ओढा. लवकर!"

अशी खोकलाबाई शाळेत शिरली. पुढे ट्रक, मागे दोरखंडावर ती, आत काका ताठ बसून वळणावर हात दाखवतायत, आणि आजी पडद्यांच्या ढिगावरून सगळ्यांना बघून मान हलवतायत. मुख्याध्यापिका बाईंना वाटलं, मखमली पडद्याची मिरवणूकच काढलीय! त्यांनी पळत जाऊन कर्मचाऱ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. अकराला चार मिनिटं कमी असताना काकूंच्या हातचा पडदा रंगमंचावर चढला, आणि अकराला उघडला. असा सरसर, की टाळ्या पुन्हा पडल्या.

बाहेर भंगारवाला हुक सोडवत होता. "तर मग आता..."

"आता काय?" काकू म्हणाल्या. "अकराच्या आत पोचली."

"अहो, मी ओढून आणली!"

"तुम्हाला लहानपणी कुणी हाताला धरून शाळेत ओढून नेलं नव्हतं? मग काय भंगारात घातलं का तुम्हाला?"

भंगारवाल्याने हुक उचलून ट्रकमध्ये टाकला. भूकही फार लागली होती.

काका पडद्याच्या दोरीशी उगाच चाळा करत उभे होते. "पुढच्या खेपेला नीट करतो," ते हळूच म्हणाले.

"करा की. पण डब्यांवर नावं लिहा!"

आठ दिवसांत गाडी दुरुस्तीला लागली. मेकॅनिकने टाकी उतरवली, फिल्टर काढला. काका पुढचा घाणा लावून बसले. या वेळी दोन्ही डब्यांवर चारी बाजूंनी, झाकणावर आणि बुडाशीसुद्धा जाड अक्षरांत लिहिलं: 'एकत्र करू नये!' आजींना उभं करून ते तीनदा वाचून घेतलं.

"कळलं रे बाबा! मी काय आंधळी आहे?"

दुपारी मेकॅनिकने हाक मारली. "काका, टाकी धुऊन झाली. पंपावरून आणलेलं साधं डिझेल द्या, सुरू करून बघू."

काका परसात गेले. लिहिलेले दोन्ही डबे जागच्या जागी, झाकणं घट्ट. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांची नजर कट्ट्यावर गेली. तिथे डिझेलचा डबा चकचकीत घासून, उन्हात पालथा घातलेला!

"आई!"

"त्या दोघांना बोटसुद्धा लावलं नाही हं!" आजी पदराला हात पुसत अभिमानाने म्हणाल्या. "हा अर्धाच होता, तुझ्या त्या काळ्या तेलाच्या पिंपात मावला. आणि ह्याच्यावर तू काहीच लिहिलं नव्हतंस!"