घरून भांडून आलास का?

माझी निर्मलाआत्या भाड्याच्या गाडीत बसायच्या आधी ड्रायव्हरची तोंडी परीक्षा घेते. सामान डिकीत गेलेलं असतं, दार उघडून ड्रायव्हर उभा असतो, आणि आत्या पायरीवरूनच सुरू करते.

“झोप झाली का?”

“झाली मावशी.”

“जेवलास?”

“हाव.”

“काय जेवलास?”

इथपर्यंत सगळे पास होतात. मग ती चष्मा वर सरकवते. “घरून भांडून तर आला न्हाईस?”

आता भल्या सकाळी घर सोडून आलेला कुठला संसारी माणूस ह्यावर छातीठोकपणे नाही म्हणेल? तो जरा जरी चाचरला, की आत्या पिशवी खाली ठेवते. “आधी तिला फोन लाव. गोड बोल. मग निघू.” चिडलेला माणूस गाडी चालवत नसतो, गाडीला बडवत असतो, असं तिचं ठाम मत आहे.

एकदा आम्ही नांदेडहून लातूरला निघालो होतो. ड्रायव्हर हिमायतनगरचा. तो म्हणाला, “मावशी, बायकोशी न्हाई, सासऱ्याशी भांडून राहिलो मी. दोन दिसांपासून.” आत्याने सासऱ्याला फोन लावायला लावला. म्हातारा शेतात. जावयाने आपण होऊन फोन केला म्हणजे काहीतरी वाईटच झालं, असं समजून तो रडायलाच लागला. ते ऐकून ड्रायव्हर रडायला लागला. लोहा येईपर्यंत तो एका हाताने डोळे पुसत गाडी हाकत होता आणि आत्या मागून ओरडत होती, “बास की आता! समोर बघ!”

एसटीत ती बसत नाही. एकदा तिथेही ड्रायव्हरच्या जाळीपाशी जाऊन तिने झोपेची चौकशी सुरू केली होती, पण कंडक्टरने घंटी मारली.

आत्या लातूरच्या एका शाळेतून निवृत्त झालेली. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा अमोल दुबईच्या पलीकडे फुजैरात, बंदराशी संबंधित नोकरीत. मुलगी शुभांगी ओमानमध्ये, सोहारला. दोन्ही गावं एकाच किनाऱ्यावर, मधलं अंतर लातूर-नांदेड इतकंही नाही. फक्त मधे दोन देशांची सीमा. गेल्या हिवाळ्यात दोघांनी आग्रह करून तिला बोलावलं आणि सोबतीला मला, म्हणजे तिच्या भाच्याला, धाडलं.

अमोलच्या घरी आत्याची पंचाईत झाली. परीक्षा घ्यायला ड्रायव्हरच नव्हता. मग तिने अमोललाच धरलं. रोज सकाळी तो गाडी काढायला निघाला, की ही खाली हजर. झोप झाली का, पोटभर खाल्लंस का, सूनबाईशी काही झालं का. शिवाय दर तासाला फोन. “पोचलास का?” तो कामात असायचा, कापायचा. कापला की हिचा जीव खालीवर.

सहाव्या-सातव्या दिवशी व्हायचं ते झालं. अमोलला दुबईला मीटिंग होती. डोंगरातला रस्ता, घाईची वेळ, आणि खाली वाहनतळावर शेजारचे दोन साहेब उभे. त्यांच्यादेखत आत्याने विचारलं, “रात्री सूनबाई का बोलत नव्हती?”

अमोलचा तोल गेला. “आई, मी काय तुझा भाड्याचा ड्रायव्हर आहे का? आणि दिवसभर फोन करू नकोस. लोक हसतात मला.”

दार आपटून तो गेला. गाडीने वळणावर टायर वाजवले. आत्या तिथेच उभी राहिली. मग वर येऊन म्हणाली, “सुध्या, बॅग भर. मी शुभीकडं चालले.”

शुभांगीकडे दोन दिवसांनी जायचंच होतं. सूनबाईने हातापाया पडून पाहिलं, पण आत्या ऐकेना. शेवटी सूनबाईनेच ओळखीची, सीमेपलीकडे जायची परवानगी असलेली गाडी बोलावली. चकचकीत पांढरी गाडी, आणि दार धरून उभे गफूरभाई. पांढरा शर्ट, पिकलेली दाढी. मूळचे बोधनचे, म्हणजे आपल्या धर्माबादच्या शेजारचे.

आत्याने परीक्षा घेतली, पण त्यात जीव नव्हता. “नींद हुई? खाना? घरसे झगडके तो नै आये?”

“घर तो बोधन में है अम्मा. झगडा फोनपरच होता.”

एरवी आत्याने ह्यावर अर्धा तास घेतला असता. आज ती नुसतीच आत बसली.

एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला उघडेबोडके काळे डोंगर. आत्याने दोन्हीकडे पाहिलं नाही. ती मोबाईलकडे बघत होती. अमोलला तिने फोन केला. वाजून वाजून बंद झाला. परत केला. परत तेच.

“त्या डोंगरातून गेलाय बघ तो,” ती हळूच म्हणाली. “चिडून गेलाय.”

“आत्या, मीटिंगमध्ये असेल.”

“मीटिंगला पोचला असेल तर ना!”

तिची काळजी मला एरवी गमतीची वाटायची. पण ते टायर मीही ऐकले होते. मी गुपचूप अमोलला मेसेज टाकला. उत्तर नाही. सूनबाईला विचारलं. तिचाही फोन तो उचलत नव्हता.

सीमा जवळ आली तसा गफूरभाईंनी आरसा नीट केला. “अम्मा, एक बात पूछूँ? बुरा नको मानो.”

“पूछो.”

“आप घरसे झगडके तो नै आये?”

आत्याला उलटा प्रश्न विचारायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. ती खिडकीकडे वळली. तिकडेच बघत म्हणाली, “आयी. लडके से.”

गफूरभाईंनी गाडी आणखी सावकाश घेतली.

चौकीवर पासपोर्टवर शिक्के बसले. खिडकीतल्या अधिकाऱ्याचे डोळे तांबारलेले होते. आत्या वाकून त्याला काहीतरी विचारणार, एवढ्यात मी तिचा हात दाबला. पलीकडच्या चौकीवर पुन्हा तेच, आणि तिथून पुढे आमच्या मोबाईलची रेंजच गेली.

मग मात्र आत्याचा धीर सुटला. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, “आता त्याचा फोन आला तरी लागायचा न्हाई. काय करावं रे सुध्या? परत फिरवायची का गाडी?”

गफूरभाईंनी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली. खिशातून दुसरा मोबाईल काढला. “इसमें यहाँ का नंबर है. लगाव अम्मा.”

अमोलने तो अनोळखी नंबरही उचलला नाही. आम्ही टपरीसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. दाट, वेलदोड्याचा चहा आला. आत्याच्या कपावर साय धरली. पलीकडे समुद्र शांत होता आणि कुणीतरी जाळं वाळत घातलं होतं. ती तो दुसरा मोबाईल दोन्ही हातांत धरून बसलेली, गरम काही धरावं तशी. गफूरभाई लांब उभे राहून गाडीची स्वच्छच असलेली काच पुसत होते. मला वाटतं, तेही घाबरले होते.

मोबाईल वाजला तेव्हा आत्याच्या हातून तो पडता पडता वाचला. तिने घाईत स्पीकरच चालू केला.

“कोण बोलतंय?”

“मी.”

“आई? हा कुठला नंबर?”

“ओमानचा. पोचलास का तू?”

“कधीच. मोबाईल बाहेर जमा करून घेतात गं इथं. आत्ता बघितला, सगळ्यांचे इतके कॉल. काय झालं?”

“काही न्हाई झालं.” तिने मोबाईल तोंडाशी नेला. “मी भांडून आले, ते सांगायचं होतं.”

अमोल म्हणाला, “मीच भांडलो गं. गाडी पुढं जाऊन थांबवली होती मी. दहा मिनिटं नुसता बसून होतो.”

“बरं केलंस,” आत्या म्हणाली. “येताना सावकाश ये.” आणि फोन ठेवून ती साय बाजूला सारत तो गार चहा सगळा प्याली.

सोहारला शुभांगीच्या दारात उतरल्यावर तिने गफूरभाईंना थांबवून घेतलं. बोधनला फोन लागेपर्यंत सोडलं नाही.

परत आल्यानंतर काही दिवसांनी मी कामासाठी लातूरला गेलो आणि तिच्याकडे मुक्काम केला. दिवेलागणीला तिचा मोबाईल वाजला. “आलास का? हात-पाय धू. जेव.” एवढंच बोलून तिने ठेवला. स्वयंपाक होईपर्यंत असेच आणखी दोन फोन.

“कोण गं हे?”

“ड्रायव्हर लोक. हा औशाचा होता. गल्लीतल्यांना गाड्या मीच ठरवून देते आता. घरी पोचलास की फोन कर म्हणते प्रत्येकाला.”

“पण तू तर गाडीत नसतेस. तुला कशाला हवेत फोन?”

ती कणीक मळत होती. “पोरांना म्या तासातासाला त्रास देणं बंद केलंय. त्यांची कामं असतात.” गोळा उलटा करून तिने पुन्हा मळायला घेतला. “आणि मी कुठं गेले-आले, तर कुलूप काढून आत यायचं. पोचले म्हणून सांगायचं कुणाला? त्यापेक्षा कुणाचा तरी फोन यायचाय म्हणलं, की संध्याकाळ बरी जाते.”

जेवायला बसलो तेव्हा तिने मोबाईल ताटाशेजारी ठेवला. मी म्हटलं, आता तरी बाजूला ठेव.

“निलंग्याचा अजून रस्त्यात हाय,” ती म्हणाली, आणि माझ्या ताटात पोळी वाढली.