परबकाकांचा दिगू

लालबागच्या आमच्या चाळीतल्या वाचनालयात पुस्तक हवं असेल, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. परबकाका चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "तू वसंता काय दिगू?"

हे एका जुन्या कादंबरीतले दोन भाऊ. एकाच खोलीत वाढलेले. वसंता बापाशी भांडून घर सोडतो, सभा गाजवतो. दिगू घरीच राहतो, बापाचं दुखणं काढतो आणि अख्ख्या पुस्तकात जेमतेम दहा वाक्यं बोलतो. जगात माणसं या दोनच जातींची, हे काकांचं पक्कं मत. दूधवाला दिगू. बिल्डरचा एजंट वसंता, पण काकांच्या मालवणीत "वाया गेलेलो". सभासदांच्या यादीत प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने 'व' नाहीतर 'दि'.

माझ्यापुढे 'व' आहे, आणि मला त्याचा माज होता. चाळ वाचवायच्या समितीची पत्रकं मी लिहितो.

"दिगू भित्रा आहे, काका."

"झिला, वसंतान घर एकदाच सोडल्यान. दिगून ता सोडूचा नाय, असा रोज सकाळी ठरवल्यान."

"हे पळपुट्यांचं तत्त्वज्ञान झालं."

"चाय घेतलंस?"

गेल्या महिन्यात बिल्डरविरुद्ध मोर्चा काढला. माझ्या आईसकट चाळ रस्त्यावर उतरली. एकटेच राहणारे काका तेवढे आले नाहीत. माझं डोकं फिरलं. पत्रक लिहिलं, 'आपल्यातले दिगू'. नाव घातलं नाही, पण ते सांगायला हवं होतं कुणाला? समितीतले पोट धरधरून हसले. मीही.

गठ्ठा नेहमीसारखा छापखान्यातून थेट वाचनालयात गेला. वाटप काकाच करतात. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांच्या दारात बसून मोठ्याने वाचूनही दाखवतात. आमचं प्रत्येक पत्रक असंच पोचलंय. लिहिताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही.

संध्याकाळी घरी आलो. वडील, म्हणजे नाना, अर्धांगवायूने पडून असतात. त्यांच्या उशाशी पत्रक होतं.

"परब वाचून गेला," नाना म्हणाले. "एक शब्द गाळला नाही. म्हणाला, पोराचा हात चांगला बसलाय."

"अजून काय म्हणाले?"

"मीच विचारलं, हा दिगू कोण रे? तर म्हणाला, गोष्टीतला आहे." नानांनी चांगल्या हाताने पत्रक माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही सगळे मोर्च्यात होतात तेव्हा माझी कूस कोण बदलत होतं? सावंतकाकूंना पेज कोण भरवत होतं? लिहायच्या आधी एवढं विचारायचंस तरी."

मी तसाच अनवाणी बाहेर पडलो. माफी मागायची, उरलेली पत्रकं काढून घ्यायची. गॅलरीच्या टोकाला सावंतकाकूंच्या दारात काका स्टुलावर बसले होते, कागद डोळ्यांजवळ धरून. काकूंना कमी ऐकू येतं.

"काय वाटली पाहिजे?" काकूंनी विचारलं.

"लाज," काका आवाज चढवून म्हणाले. "चाळीत राहायची लाज वाटली पाहिजे."

दोन-तीन दारांतून माणसं डोकावली. मी कठड्याला धरून उभा राहिलो. पुढचं वाक्य मला पाठ होतं. 'ज्यांच्या मागेपुढे रडायला कुणी नाही, त्यांना घराची काय पडलीय?'

काकांनी घसा साफ केला आणि तेही वाक्य तेवढ्याच मोठ्याने वाचलं.